गाय आडवी आली

विद्यापीठाच्या सभागृहात त्या सकाळी दोनशे सत्तर पोरंपोरी बसली होती. त्यातली दोनशे पासष्ट हजेरी लागणार म्हणून आली होती आणि उरलेली पाच बहुतेक चुकून. व्यासपीठामागे भलामोठा फलक होता. त्यावर चेपलेली मोटार, फुटलेली बाटली आणि खाली ठसठशीत अक्षरांत 'नशामुक्त वाहन सप्ताह'. फलक ज्यांनी छापून दिला त्यांचं नाव कोपऱ्यात होतं. त्या गृहस्थांची शहरात दारूची चार दुकानं आहेत. हे कुणीतरी डीन साहेबांच्या कानावर घातलं, तर साहेब म्हणाले, "अरे, तभी तो दिया है बेचारे ने. दिल पर बोझ होगा."

सीमंतिनीने कपाळाला हात लावला नाही, कारण हातात माइक होता. सूत्रसंचालन तिच्याकडे. स्वागत तिच्याकडे, आभार तिच्याकडे, समोशांची पाकिटं मोजून घेणंही तिच्याकडेच. ती इथे सहा वर्षं समाजशास्त्र शिकवत होती आणि सहाही वर्षं 'अतिथी विद्वान' होती. मध्य प्रदेशातली ही गंमत ज्याला ठाऊक नाही त्याने समजून घ्यावी. अतिथी म्हणजे ज्याला दरवर्षी नव्याने 'या' म्हणतात, आणि एखाद्या वर्षी नाही म्हटलं तर त्याने मुकाट्याने पर्स उचलून घरी जायचं. मग अशा माणसाकडून विद्यापीठ वाट्टेल ती हमाली करून घेतं. झाडं लावा, रक्तदान घ्या, शपथा द्या, फोटो काढा, पोर्टलवर चढवा. समाजशास्त्र उरल्या वेळात.

सप्ताहही अगदी तसाच पार पडला होता. पहिल्या दिवशी निबंध झाले, सगळे एकाच मोबाइलवरून उतरवलेले. तिसऱ्या दिवशी शपथ झाली. शपथ अर्ध्यावर असतानाच मुलांच्या फोनवर प्रमाणपत्रं येऊन पडली, तशी मागच्या चार रांगा हात खाली करून उठूनच गेल्या. ज्याचं प्रमाणपत्र मिळालं ते पाळायचं कशाला, असा साधा हिशेब. वा रे जागृती!

आणि आज समारोप. समारोपाला प्रमुख पाहुणे संभाजीराव.

संभाजीराव म्हणजे सीमंतिनीचे चुलत सासरे. अख्खं घर त्यांना आबासाहेब म्हणायचं. पूर्वज दक्षिणेतून फौजेबरोबर आले, तलवार गाजवली म्हणे. आबासाहेबांनी आयुष्यात गाजवल्या त्या मिशा आणि बैठका. पण गुलाबी फेटा बांधून, करवती काठाचं उपरणं टाकून माणूस उभा राहिला की ग्वाल्हेरचा कुठलाही डीन दोन पावलं मागे सरकून हात जोडतो. सीमंतिनीने पाहुणी म्हणून अपघात विभागातल्या एका डॉक्टरीणबाईंचं नाव सुचवलं होतं. रोज रात्री त्या ज्यांना टाके घालतात त्यांच्या गोष्टी त्या सांगणार होत्या. साहेबांनी नाक मुरडलं.

"डॉक्टर लोग खून-वून दिखाते हैं, मैडम. बच्चियाँ घबरा जाती हैं. आपके तो घर में ही सरदार साहब बैठे हैं! पगड़ी में आएँगे, फोटो कैसा आएगा सोचिए. और रैली के लिए उनकी खुली जीप भी मिल जाएगी."

निमंत्रणपत्रिका घेऊन सीमंतिनीलाच आबासाहेबांच्या दाना ओलीतल्या घरी जावं लागलं. डोक्यावर पदर, नजर खाली, पत्रिका चांदीच्या तबकात. आबासाहेबांनी ती वाचली आणि पोट धरून हसले. "दारूवर भाषण? करतो की! आमच्याइतकं त्या विषयातलं विद्यापीठात आहेच कोण?" सगळी बैठक हसली. सीमंतिनी पदराआड उभी राहिली आणि तिच्या मनात आलं, अरे निर्लज्जा!

मनातच आलं. ओठांवर आलं नाही. सात वर्षांत कधीच आलं नव्हतं.

सात वर्षांपूर्वी दतियाचं लग्न आटोपून आबासाहेब गाडी चालवत परत येत होते. शेजारी सीमंतिनीचा नवरा दिग्विजयसिंह. लग्नात आबासाहेबांना किती झाली होती ते वाढणाऱ्यांनाही सांगता आलं नसतं. डबऱ्याच्या अलीकडे गाडी सरळ रस्ता सोडून कडुनिंबावर गेली. आबासाहेबांच्या भुवईला तीन टाके पडले. दिग्विजयसिंह जागच्या जागी गेला. आणि तासाभरात घरी निरोप आला तो असा, की गाय आडवी आली.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या ह्या खानदानांच्या वाटेत गाय फार आडवी येते. होळीला येते, दसऱ्याला येते, साखरपुड्याहून परतताना तर हटकून येते. नवल एवढंच की न पिता गाडी चालवणाऱ्याच्या वाटेत ती कधी फिरकत नाही. कुणी विचारत नाही, कुठली गाय, काळी का पांढरी, मेली का पळाली. सांत्वनाला आलेल्या बायका हळूच म्हणतात, "गाय का हो?" आणि घरातलं कुणी "हो, गाय" म्हणालं की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. मग चहा येतो. घराण्याचं नाव राहतं, पिणाऱ्याचा पेला राहतो, आणि गाय बिचारी, तिला काही कुणी पंचांसमोर उभं करत नाही.

सुधाताई म्हणजे आबासाहेबांची बायको. तिसऱ्याच्या दिवशी त्या सीमंतिनीजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "सूनबाई, जाणारा गेला. राहिलेल्याला तुरुंगात घालून तो परत येणार आहे का? तुझं लेकरू लहान आहे. ह्यांचा हात डोक्यावर असू दे." सीमंतिनीने मान हलवली. मग तीही म्हणाली, गाय. नातेवाइकांना म्हणाली, शेजारणींना म्हणाली, अकरा वर्षांच्या समरजीतला जवळ घेऊन म्हणाली. वर्षभराने आबासाहेबांच्या एका फोनवर तिला विद्यापीठात काम मिळालं, हरिशंकरपुरममध्ये दोन खोल्यांचं बिऱ्हाड मिळालं. आणि समरजीतला मिळाले आबासाहेब.

तो समरजीत आता अठरा वर्षांचा होता आणि ह्याच विद्यापीठात पहिल्या वर्षाला होता. दिसायला हुबेहूब बाप. आणि आबासाहेबांचा इतका लाडका की कॉलेज सुटलं की पोरगं घरी न येता दाना ओलीत. दसऱ्याला शस्त्रपूजा झाली तेव्हा आबासाहेबांनी घरच्या रीतीप्रमाणे पहिला पेला स्वतःच्या हाताने त्याला दिला. "आपल्या रक्ताला चढत नाही, बेटा," असं वर सांगितलं. मग जीप शिकवायला घेतली. "दोन घोट पोटात असले की हात सैल पडतो, बघ," हा त्यातला पहिला धडा. सीमंतिनीने सुधाताईंकरवी निरोप धाडला, की पोराला असलं शिकवू नका. उलट निरोप आला, की सूनबाईंनी पुस्तकं शिकवावीत.

पंधरा दिवसांपूर्वी समरजीत जीप घेऊन घरी आला तो पुढचा दिवा फोडून. तोंडाला वेलदोड्याचा वास आणि वेलदोड्याखाली दुसरा. सीमंतिनीने विचारलं, "काय रे हे?" पोरगं हसलं. डोळा मारून म्हणालं, "काही नाही गं आई. गाय आडवी आली."

ती स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिली. पोराला काय माहीत आहे आणि काय नाही, याचा तिने खूप विचार केला. त्याला काहीच माहीत नव्हतं. बापाला गाय आडवी आली हे तो खरंच धरून चालला होता, आणि बाकी सगळ्यांची गाय म्हणजे काय हेही त्याला पक्कं कळलं होतं. असं होतं त्या पोराचं शिक्षण. आता एक दिवस फोन येईल, आणि बायका पदर तोंडाला लावून विचारतील. त्या दिवसापासून तिला दुसरं काही सुचत नव्हतं. त्या जीपमधून पोराला उतरवायचं, कसंही करून. आणि आज डीन साहेबांच्या कृपेने तो त्याच जीपमध्ये, आबासाहेबांच्या शेजारी झेंडा धरून, पडाव चौकापर्यंत जाणार होता. दारूविरुद्ध.

"मैडम, चश्मे वाला शुरू करें?" हर्षिताने विचारलं.

हर्षिता तिची विद्यार्थिनी. सप्ताहात मनापासून राबलेली एकटी पोर. तिने कुठल्याशा संस्थेकडून एक जाडजूड चष्मा मागवला होता. तो घातला की प्यायलेल्या माणसाला दिसतं तसं जग दिसतं. व्यासपीठावर खडूची सरळ रेघ ओढलेली. चष्मा घालायचा आणि रेघेवरून चालायचं. कल्पना चांगली होती. पण चांगल्या कल्पनेची माती करायला दोनशे सत्तर पोरं पुरेशी असतात. पहिला मुलगा चष्मा घालून धडपडला आणि सभागृहात हशा पिकला. दुसरा मुद्दाम पडला. तिसरा नाचतच निघाला. "भाई, फ्री में चढ़ गई!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि सगळं सभागृह टाळ्या पिटू लागलं. धोका समजावून सांगायचा होता, झाली जाहिरात.

तेवढ्यात डीन साहेबांना लहर आली. "सरदार साहब भी आज़माएँगे!"

आबासाहेब उठले. ते सकाळपासून एक पितळी फिरकीचा छोटा थर्मास जवळ ठेवून होते आणि अधूनमधून त्यातलं 'औषध' घेत होते. सीमंतिनीने त्यांना हार घालायला ताट पुढे केलं तेव्हाच तिला वासावरून औषध कळलं होतं. हर्षिताने अदबीने चष्मा चढवला. फेटा सावरत, छाती काढून, आबासाहेब त्या रेघेवरून ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, एक पाऊल इकडचं तिकडे नाही. वळले आणि परत आले.

काय तो जल्लोष! पोरं बाकांवर उभी राहिली. सगळ्यात मोठी शिट्टी समरजीतची. "देखा? ये हैं हमारे आबासाहेब!"

कसे नाही चालणार? सीमंतिनीला वाटलं, सांगावं ह्या गाढवांना. ज्या माणसाने चाळीस वर्षं बैठकीतून पलंगापर्यंत ह्याच अवस्थेत चालत जायचा सराव केला, त्याला तुमचा चष्मा काय करणार? त्याचं तर रोजचंच जग हे असं. ह्यात शौर्य कसलं, ह्याला आजार म्हणतात. पण तिने माइक तोंडाजवळ नेला आणि म्हणाली, "धन्यवाद. अब माननीय मुख्य अतिथि से निवेदन है कि दो शब्द कहें." तिचा स्वतःचा आवाज तिला शिसारी आणून गेला.

आबासाहेब बोलायला उभे राहिले. बोलले छान, ते नेहमीच छान बोलतात.

"बच्चों, पीना बुरा नहीं है. सँभालना आना चाहिए." टाळ्या. डीन साहेबांनी घाईघाईने घसा खाकरला. "मगर सब में वो दम नहीं होता. इसलिए जिनमें दम नहीं, वो न पिएँ." पुन्हा टाळ्या. "गाड़ी चलाना किसे कहते हैं, मैं बताता हूँ. मेरा भतीजा था, दिग्विजय. इन्हीं मैडम का पति. उस रात वो गाड़ी चला रहा था, मैं बगल में बैठा था. सामने गाय आ गई. वो चाहता तो गाय को मारकर निकल जाता. मगर नहीं! उसने गाय को बचाया और अपनी जान दे दी. ऐसे होते हैं हमारे खून के लोग."

आबासाहेबांच्या डोळ्यांत पाणी. आणि ते खरं होतं! हीच तर कमाल. एकच गोष्ट सात वर्षं सांगून माणूस तिच्यावर रडायला लागला होता. आधी नुसती गाय होती. आता स्टिअरिंगही दिग्विजयसिंहाच्या हातात दिलं. पुढच्या वर्षी कदाचित दारूही तोच प्यायला असेल.

समोर तिसऱ्या रांगेत समरजीत बाहीने डोळे पुसत होता. मान ताठ.

"दो मिनट का मौन रखवाइए, मैडम," डीन साहेब कुजबुजले. फोटोवाला पुढे सरसावला.

आणि सीमंतिनीने मौन पाळायला सांगितलं. हो, सांगितलं! "कृपया सब लोग खड़े हो जाएँ," असं स्वच्छ आवाजात म्हणाली. दोनशे सत्तर पोरं न आडव्या आलेल्या गायीसाठी उभी राहिली. सीमंतिनीही मान खाली घालून उभी राहिली, आणि त्या दोन मिनिटांत तिला डीनचा, फोटोवाल्याचा, आबासाहेबांचा जेवढा तिरस्कार वाटला नाही तेवढा स्वतःचा वाटला. माइक हातात असलेली बाई, आणि तोंडात मूग.

रॅली साडेअकराला निघायची होती. फाटकाशी खुली जीप उभी. बोनेटवर झेंडूची माळ, मागे 'पीकर गाड़ी मत चलाइए' असा फलक. मागच्या बाजूला हर्षिता आणि चार मुली दाटीवाटीने चढल्या. बाकीची पोरं मोटरसायकली फुरफुरवत मागे, हेल्मेट एकाच्याही डोक्यावर नाही. डीन साहेब फोटोवाल्याला कोन समजावत होते. घोषणा द्यायचा भोंगा सीमंतिनीच्या हातात दिलेला. तिने पुढे चालत घोषणा द्यायच्या, तिच्या मागून जीपने यायचं, अशी आखणी.

आबासाहेब स्टिअरिंगमागे बसले. समरजीत उडी मारून त्यांच्या शेजारी. बाप बसला होता तीच जागा, गाडी तेवढी वेगळी. आबासाहेबांनी थर्मासची फिरकी काढली, एक मोठा घोट घेतला आणि थर्मास पोराकडे केला. सगळ्यांदेखत. भर दिवसा. त्या फलकाच्या पुढे बसून. समरजीतने इकडे तिकडे बघितलं, हसला, आणि घेतला.

आबासाहेबांनी चावी फिरवली. इंजिन घरघरलं. गाडी एकदम हिसका देऊन पुढे आली आणि सीमंतिनीच्या साडीच्या निऱ्यांपासून वीतभर अंतरावर थांबली. मागच्या मुली किंचाळून एकमेकींवर आदळल्या. "अरे रे, गाय समझ के रुक गया!" आबासाहेब म्हणाले, आणि समरजीत खदखदून हसला.

त्या हसण्याने झालं ते. सात वर्षांत जे झालं नाही ते.

सीमंतिनी स्टिअरिंगच्या बाजूला गेली. हात आत घातला, चावी फिरवून बाहेर ओढली. इंजिन बंद. डोक्यावरचा पदर केव्हाच खाली आला होता, तिने तो उचलला नाही.

"सूनबाई," आबासाहेब हळू आवाजात म्हणाले. अजून त्यांना वाटत होतं की काहीतरी गैरसमज झालाय. "चावी."

"नाही देणार."

"आई, काय करतेय तू? प्लीज़ यार, सब देख रहे हैं," समरजीत म्हणाला.

"बघू दे. बघायलाच बोलावलंय त्यांना." तिने भोंगा तोंडाशी धरला. ती हिंदीत बोलली, सगळ्यांना कळावं म्हणून. "बच्चों, सात दिन हमने आपको झूठ पढ़ाया. आज अंदर जो मौन रखवाया वो भी झूठ था. उस रात गाय नहीं थी. गाड़ी मेरे पति नहीं चला रहे थे. ये चला रहे थे. इतनी पी रखी थी कि सीधी सड़क नहीं दिखी, और मेरे पति मर गए. और आज, अभी, ये फिर पिए हुए हैं. सूँघ लीजिए. जीप से उतरो, लड़कियों. हर्षिता, उतरो."

हर्षिता उतरली. बाकीच्याही पटापट उतरल्या. मोटरसायकली एकेक करून बंद झाल्या आणि त्या जागी फोन वर आले. आता कुठे पोरांना सप्ताहात रस वाटू लागला होता.

डीन साहेब धावत आले. "मैडम, मैडम! ये पारिवारिक मामला है. भोंपू नीचे रखिए. अगले सत्र का सोचिए ज़रा."

"सोच लिया, सर. आप बुलाइए किसी और अतिथि को."

आबासाहेबांनी चेहरा सावरला. वयाचा, फेट्याचा, घराण्याचा सगळा भार आवाजात आणून ते जमलेल्या लोकांना म्हणाले, "बहू को सदमा है. बेचारी आज तक सँभली नहीं." मग तिच्याकडे वळून दात दाबत, मराठीत, "घरी ये. मग बघतो. ज्या ताटात जेवलीस त्यातच थुंकतेस?"

"हो," सीमंतिनी म्हणाली. "नवऱ्याच्या बदल्यात वाढलेलं ताट होतं ते. सात वर्षं गिळलं. आता नाही गिळवत."

लोक काही म्हणत होते, डीन साहेब कुणालातरी फोन लावत होते. तिला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. ती फक्त समरजीतकडे बघत होती. तो जीपमधून खाली उतरला. हळूच उतरला, एक पाय, मग दुसरा. सुटले, तिला वाटलं. उतरला बाई एकदाचा! ह्यासाठीच तर सगळं होतं. आता तो जवळ येईल, रागावेल, रडेल, काय वाटेल ते करेल, पण जमिनीवर उभा राहून करेल.

तो तिच्यासमोर आला. तोंड पांढरंफटक.

"खरं आहे?"

"खरं आहे."

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"पोलिसांना काय सांगितलं मग?"

"गाय."

"कोणी सांगितलं?"

"मी. लिहून दिलं. सही माझी आहे."

मग त्याने आबासाहेबांकडे एकदा बघितलं, फेट्यापासून जोड्यांपर्यंत, आणि पुन्हा तिच्याकडे. आबासाहेबांकडे बघताना त्याच्या डोळ्यांत जे होतं ते तिच्याकडे बघताना कमी झालं नाही. हे तिला अगदी लख्ख दिसलं.

"मी रोज ह्या माणसाच्या पाया पडतो, आई," तो म्हणाला. "रोज. तू शिकवलंस. लहान होतो तेव्हा मान धरून वाकवायचीस, आठवतं? 'नीट पड पाया, तुझ्या बाबांच्या जागी आहेत.' असंच म्हणायचीस ना?"

पोर लहान होतं, पदरात काही नव्हतं, सगळे म्हणाले म्हणून. अशी सहा-सात कारणं तिने रात्री रात्री स्वतःला सांगून पाठ केली होती. त्यातलं एकही ह्या चेहऱ्यापुढे ठेवण्याच्या लायकीचं नव्हतं. इतकी वर्षं ती सगळ्या घराण्याला मनात शिव्या घालत आली होती, भित्रे, खोटारडे, दारुडे. पण त्या गायीला दाणावैरण घालून सात वर्षं जगवली होती ती तिनेच.

"म्हणायचे," ती म्हणाली.

समरजीतने मान हलवली. झेंडा अजून हातातच होता, तो त्याने नीट जीपच्या सीटवर ठेवला. मोटरसायकलवाला एक मित्र म्हणाला, "चल भाई, छोड़ दूँ." त्याला त्याने हातानेच नको म्हटलं आणि फाटकाबाहेर पडला. सवारीचा टेम्पो थांबला, तोही त्याने सोडला. हरिशंकरपुरमचा रस्ता डावीकडे. दाना ओलीचाही डावीकडेच. तो उजवीकडे वळला आणि भर उन्हातून चालू लागला. सीमंतिनीने हाक मारली नाही. कुठल्या तोंडाने मारणार होती? तो झाडांच्या रांगेआड दिसेनासा झाला तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण भोंगा छातीशी गच्च धरून उभ्या आहोत.

मागे समोशांची पाकिटं वाटायला सुरुवात झाली होती. डीन साहेब फोटोवाल्याला सांगत होते, की जीपचे नको, चष्म्याचे चढव. आबासाहेब स्टिअरिंगमागेच बसून होते. उठायचं म्हणजे सगळ्यांदेखत खाली उतरावं लागणार होतं, आणि खाली खडूची रेघ ओढलेली नव्हती.

"सूनबाई," ते पुन्हा म्हणाले. ह्या वेळी आवाजात थोडी अजिजी होती. "चावी दे. मला घरी जायचंय."

"पायी जा, आबासाहेब," सीमंतिनी म्हणाली. "माझा मुलगा गेला ना, तसे."

आणि चावी मुठीत धरून ती त्या जीपच्या पायरीवर बसली. रडू येत होतं, ते तिने येऊ दिलं.